हॅचबॅकच्या मागच्या काचेखाली स्पीकरची फळी: नवशिक्यांसाठी

आमच्या भागात जुनी गाडी दारात आली की आठवडाभरात दोन कामं होतात. बंपरला लिंबू-मिरची बांधली जाते आणि मागच्या काचेखाली दोन लांबोळके स्पीकर बसतात. मोजमाप दोन्हींचं कुणी घेत नाही. कंपनीच्या पातळ ट्रेला ब्लेडने दोन भोकं पाडायची, स्पीकर वरून ठेवायचे, चार स्क्रू मारायचे, झालं. दोनतीन महिन्यांत ट्रे मधोमध खाली बसतो, खड्डा आला की खडखडतो, आणि ढोलकी वाजायला लागली की गाण्यापेक्षा ट्रेचाच आवाज जास्त येतो.

माझी पहिली फळी अशीच होती. जुनी छोटी हॅचबॅक, यवतमाळ जिल्ह्यातले दारव्हा-दिग्रसकडचे रस्ते आणि माझी घाई. दुसरी फळी मात्र गावातल्या मिस्त्री काकांना सोबत घेऊन केली. ती आज चौथा पावसाळा बघते आहे. दोन्ही वेळी जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी हे ठरवा की फळी हवी का

तुमच्या गाडीच्या मागच्या दारात स्पीकरची जागा असेल तर तिथे साडेसहा इंची गोल स्पीकर बसवा आणि हा लेख इथेच सोडा. पुढच्या दारातले कंपनीचे कागदी स्पीकर अजून तसेच असतील तर पहिला पैसा तिथे घाला. गाडी चालवणाऱ्याचे कान पुढे असतात, गाणंही पुढून आलेलंच बरं वाटतं. मागची फळी भराव घालते, खालच्या सुरांना वजन देते.

फळीचं खरं काम पडतं ते जुन्या किंवा सगळ्यात स्वस्त मॉडेलच्या हॅचबॅकमध्ये. तिथे मागच्या दारात जागाच नसते आणि शेगावला, माहूरला जाताना मागे चौघं दाटीवाटीने बसलेले असतात. काही स्वस्त मॉडेलमध्ये तर ट्रेसुद्धा मिळत नाही, डिक्की उघडीच असते.

अजून एक प्रश्न स्वतःला विचारा. मागची सीट पाडून डिक्कीत खताची पोती, फवारणीचा पंप, मोटारीचा पाइप नेता का? नेत असाल, आणि आपल्याकडे कोण नेत नाही, तर फळी पाच मिनिटांत निघाली पाहिजे. पुढचे बरेच निर्णय यावर ठरतात.

फळी ही भिंत आहे

एवढी एक गोष्ट समजली की बाकी सगळं आपोआप सुचतं. स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा पुढेमागे हलणारा पडदा, पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ताणली जाते. मध्ये आड काही नसेल तर दाबलेली हवा वळसा घालून मागची तूट भरून काढते. जाड सूर तिथेच मरतो. बासरी, झांज, बाईचा आवाज टिकतो, ढोलकीचा धुम्मा जातो.

घरी करून बघा. स्पीकर हातात धरून वाजवा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजेल. मग पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला त्याच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. तोच स्पीकर, तोच टेप (गाणी वाजवणारा गाडीचा स्टिरिओ), पण खालचा आवाज भरून येतो. पुठ्ठा त्या दोन हवांच्या मधली भिंत झाला.

गाडीत फळी म्हणजे ती भिंत आणि खालची डिक्की म्हणजे स्पीकरची मागची खोली. म्हणून फळी वाकायला नको, तिच्या कडेने फट राहायला नको आणि ती जागची हलायला नको. रंग, कापड, निळे दिवे वगैरे सगळं यानंतर.

स्पीकर आधी, लाकूड नंतर

माणसं फळी करून ठेवतात आणि मग स्पीकर शोधतात. उलटं करा. स्पीकर हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावू नका, कारण सहा-बाय-नऊ म्हणून मिळणाऱ्या लांबोळक्या स्पीकरांची भोकंसुद्धा कंपनीगणिक थोडी कमीजास्त असतात. खोक्यात कागदाचा साचा येतो. तो नसेल तर स्पीकर पालथा ठेवून बाहेरची कड आखा, मग चौकटीची रुंदी मोजून आतली रेघ काढा. कापायचं ते आतल्या रेघेवर. बाहेरच्या रेघेवर कापणारे मी पाहिले आहेत. त्यांचा स्पीकर सरळ डिक्कीत जातो.

दुकानात खोक्यावर ‘४०० वॅट’, ‘५०० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा. तुम्ही बघा तो ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा, म्हणजे स्पीकरला सतत झेपणारी ताकद. साध्या टेपवर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक स्पीकरला तो सतत साधारण १५ ते २० वॅटच देऊ शकतो. त्यामुळे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेणार नसाल तर फार ताकदीचे स्पीकर घेऊन उपयोग नाही. त्यापेक्षा ‘सेन्सिटिव्हिटी’चा आकडा बघा. तो ९० डेसिबलच्या वर असेल तर कमी वॅटमध्येही स्पीकर मोकळा वाजतो. रोध, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा, ४ ओहमचा असावा, गाडीच्या बहुतेक टेपना तोच चालतो.

मॅग्नेटची खोली आणि जाळीची उंची, ही दोन मापं कागदावर लिहून घ्या. एक खाली लागतं, एक वर.

पुठ्ठ्याची फळी

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. फ्रिजचं किंवा टीव्हीचं खोकं फाडून एक सपाट मोठा पुठ्ठा घ्या. गाडीचा जुना ट्रे असेल तर तो ठेवून आखा. नसेल तर डिक्कीत बसून दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या कठड्यांमधलं अंतर मोजा, पण एकाच जागी नको. सीटकडे, मधे आणि काचेकडे अशा तीन जागी मोजा. हॅचबॅकची डिक्की चौकोनी कधीच नसते. मागे निमुळती होते आणि कोपरे गोल असतात. डावी बाजू कापून झाली की पुठ्ठा उलटा करून उजवीकडे लावून बघा. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक निघाला.

पुठ्ठा बसला की त्यावर स्पीकर नुसते ठेवा, जाळीसकट. आता डिक्कीचं दार हळूहळू, हाताने धरून खाली आणा. धाडकन लावू नका. मी धाडकन लावलं होतं. पहिल्या फळीवर स्पीकर काचेच्या फार जवळ बसवले होते आणि तिरकी काच खाली येऊन जाळीवर आदळली. काच फुटली नाही हे नशीब, पण तो आवाज अजून कानात आहे. काच आणि जाळीत निदान दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे. काचेवर आतून डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवायच्या, तारा असतील तर त्यांना काही घासत नाही हेही बघा.

मग खालून बघा. मॅग्नेट सीटच्या पाठीला, सीट पाडायच्या कुलपाला, सीएनजीची टाकी असेल तर टाकीला लागतो का? टाकी असेल तर तिच्या नळाचा खटका फळी न काढता हाताला लागला पाहिजे. मागच्या बेल्टचा पट्टा कठड्याजवळून येत असेल तर तो फळीखाली दबू नये. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट कायद्याने बंधनकारक आहे, आणि स्पीकरसाठी बेल्ट अडकवून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

शेवटी पुढच्या सीटवर बसून आरशात बघा. मागचा रस्ता दिसला पाहिजे. मागून येणारा ट्रक जाळीआड लपत असेल तर स्पीकर बाजूला सरकवा.

सगळं जमलं की पुठ्ठ्यावर स्पीकरच्या जागा आखा. भोकाच्या कडेपासून फळीच्या कडेपर्यंत निदान दोन इंच लाकूड शिल्लक ठेवा, नाहीतर तिथेच चीर जाते. आता एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. फळीवर जे कापड चढेल ते कडेवरून खाली वळणार, म्हणजे दोन्ही बाजूंना त्याची जाडी वाढणार. कारपेट ३ मिलिमीटरचं असेल तर लाकूड प्रत्येक बाजूला तेवढं आत कापा. हे विसरलात तर नागडी फळी मस्त बसते आणि कपडे घातलेली बसत नाही.

कोणतं लाकूड

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड, गुळगुळीत असतो, छान कापला जातो, शहरातले बहुतेक लोक तोच वापरतात. इकडे मी नको म्हणेन. डिक्कीच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपतंच, आणि एमडीएफला कडेने पाणी लागलं की तो फुगतो. फुगलेला पुन्हा बसत नाही, स्क्रूची पकडही सोडतो.

प्लाय घ्या, १२ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा. शीटवर ‘आयएस ७१०’ छापलेलं असतं, तो मरीन प्लाय. ‘आयएस ३०३’ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, तोही चालेल. पूर्ण आठ-बाय-चारची शीट विकत घेऊ नका. तालुक्याच्या प्लायच्या दुकानात मागे तुकडे पडलेले असतात, साधारण चार-बाय-दीड फुटाचा तुकडा मागा. घेताना बोटाच्या पेराने ठोकून बघा. मधेच भदभद आवाज आला तर आत पोकळी आहे, आणि नेमकी तीच पोकळी नंतर गाण्यात गुणगुणते.

१८ मिलिमीटरचा प्लाय का नको? वजनामुळे. एवढ्या मापात १२ मिलिमीटरची फळी साधारण साडेतीन किलो भरते, १८ ची पाचच्या वर जाते. त्यात स्पीकरची जोडी तीन-चार किलो. मी १२ ची फळी घेतली आणि तिला खालून सागवानाच्या एक-बाय-एक इंची पट्ट्या मारल्या. आलापल्ली-बल्लारशाकडचं सागवान म्हणून आपण नाव घेतो, पण या कामाला कुणाच्या जुन्या खिडकीच्या चौकटीतली पट्टीही चालते. जुनं लाकूड उलट बरं, त्याचं वाकायचं वय झालेलं असतं.

एक पट्टी सीटच्या बाजूच्या कडेला, एक काचेच्या बाजूला, आणि दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेत एक आडवी. फेव्हिकॉल लावायचा आणि स्क्रूने आवळायचं. स्क्रूआधी बारीक बरम्याने भोक पाडून घ्या, नाहीतर पट्टी उभी फाटते. सीटकडची पट्टी जरा खाली उतरलेली ठेवा, म्हणजे ती सीटच्या पाठीला मागून टेकते. करकचून ब्रेक दाबला की फळी पुढे सरकायला बघते, ही पट्टी तिला अडवते. पट्टीची दोन्ही टोकं सीटच्या कुलपांपासून मोकळी ठेवा.

कापकाम

जिगसॉ, म्हणजे विजेवर चालणारी बारीक पात्याची करवत, असेल तर काम अर्ध्या तासाचं. नसेल तर मिस्त्रीकडे जा, पण आधी गावात लाइन कधी असते ते विचारून जा. मी दोनदा फळी घेऊन गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो.

पुठ्ठा प्लायवर ठेवून पेन्सिलने आखा. भोकाच्या रेघेच्या आत १० मिलिमीटरचं भोक बरम्याने पाडा, त्यातून पातं घाला आणि रेघेच्या आतल्या अंगाने हळूहळू फिरवा. रेघेवर आधी कागदी टेप चिकटवलात तर प्लायचे ढपले निघत नाहीत. पातं बारीक दात्याचं घ्या. भोक थोडं लहान झालं तर कानशीने वाढवता येतं, मोठं झालं की कपाळावर हात. वीज नसेल तर गिरमिटाने भोक पाडून निमुळत्या हातकरवतीनेही होतं, मनगट तेवढं भरून येतं.

काकांनी माझी पहिली फळी हातात घेऊन दोन्ही टोकांनी वाकवून पाहिली होती. म्हणाले, “भाऊ, हा ट्रे नोहे, हा पापड हाय. याच्यावर बाजा ठेवाल तं बाजा कमी अन् पापड जास्त वाजन.” मग भोकाभोवती खालून १२ मिलिमीटर प्लायचंच आणखी एक कडं चिकटवायला लावलं. सुतारी भाषेत नाव काही असो, काम असं की स्पीकरच्या स्क्रूला चोवीस मिलिमीटर लाकूड मिळतं आणि जिथे सगळ्यात जास्त हादरा बसतो तिथेच फळी दुप्पट होते. बाकी फळी हलकी राहते. कडं चिकटवलंत तर मॅग्नेटच्या मापावर पुन्हा एक नजर टाका.

सगळ्या कडा पॉलिश पेपरने मारा आणि खालच्या बाजूला, कडांना आणि भोकांच्या आत ऑइल पेंटचा किंवा वॉर्निशचा हात द्या. मरीन प्लाय असला तरी द्या. पाणी शिरतं ते नेहमी कापलेल्या कडेतून.

स्पीकरचे स्क्रू सरळ प्लायमध्ये मारता येतात. पण आपल्या रस्त्यांवर ते सहा महिन्यांत सैल होतात. चार भोकांना आरपार बोल्ट, खालून वायसर, स्प्रिंग वायसर आणि नट, असं केलंत तर सारखं बघावं लागत नाही.

कापड चढवणं

काळा किंवा गडद करडा रंग, बिनचमकीचा. फिका किंवा चकचकीत रेक्झिन दुकानात देखणा दिसतो, पण दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब मागच्या काचेत पडतं आणि आरशात रस्त्याऐवजी फळीच दिसते. गाडीच्या सजावटीच्या दुकानात मीटरवर मिळणारं कारपेट सगळ्यात सोपं. ते ताणलं जातं, सुरकुती लपवतं आणि थोडा आवाजही शोषतं. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे धागे त्यावर बसतात खरे. ब्रश मारायचा.

चिकटवायला रबरी गोंद लागतो, चपलेच्या दुकानात वापरतात तो. पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही. फळीला आणि कापडाच्या पाठीला, दोन्हीला पातळ थर द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकटावं पण गोंद बोटाला लागू नये, अशी वेळ आली की कापड मधून बाहेर दाबत न्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना टिनाच्या शेडखाली हे करू नका, लावता लावताच गोंद वाळतो. सकाळी सातच्या आत उरका. भर पावसातही नको. आणि खोलीचं दार उघडं ठेवा, त्या वासाने डोकं गरगरतं. जवळ विडी-चूल काही नको, हा गोंद पेट घेतो.

कडा खाली दोन इंच वळवा. कोपऱ्यात जादा कापड त्रिकोणी कापून काढा, गठ्ठा राहिला तर फळी बसत नाही. स्पीकरच्या भोकावर कापड तसंच ताणून घ्या आणि मग मधून चांदणीसारखे काप देऊन पाकळ्या आत खालच्या बाजूला चिकटवा.

आता फट. फळीच्या ज्या कडा कठड्यावर टेकतात तिथे फोमची चिकटपट्टी लावा, दारा-खिडक्यांना लावतात तीच. सीटच्या बाजूने फट जास्त राहते, तिथे कारपेटचा दोन बोटं रुंद पदर लोंबता सोडा. भिंत पूर्ण झाली.

फळी घट्ट कशी करायची

कंपनीचा ट्रे दोन दोऱ्यांनी डिक्कीच्या दारासोबत वर उचलला जातो. या फळीला त्या दोऱ्या बांधू नका. दाराचे शॉक, म्हणजे दार वर धरणारे दांडे, हलक्या ट्रेच्या हिशोबाने असतात. आठ किलो लटकवले तर दार एक दिवस तुमच्या मानेवर येईल. फळी जागेवर राहील, दार एकटं उघडेल.

नुसती कठड्यावर ठेवलेली फळी मला मान्य नाही. गाडी कुठे आदळली तर तीच फळी मागच्या सीटवर बसलेल्या लेकराच्या डोक्याच्या उंचीवरून पुढे जाते. प्लॅस्टिकचा कठडा स्क्रू धरत नाही, म्हणून त्याच्यामागच्या पत्र्याला धरायचं. कठडा काढला की पत्र्यात कंपनीची आधीची भोकं बहुतेक वेळा सापडतात. त्यांना एल पट्टी लावा आणि फळी तिच्यावर बोल्ट आणि फुलपाखरू नटने आवळा. हाताने फिरवता येतो तो नट. पोती न्यायची असली की चार नट सोडले, फळी बाहेर.

भोक सापडलं नाही तर नवीन पाडण्याआधी गॅरेजवाल्याला दाखवा. एका बाजूच्या पत्र्याआड पेट्रोल भरायची नळी जाते, वायरींचा जुडगा जातो. आंधळं भोक पाडायचं नाही. पाडलंच तर कडेला रंग लावा, नाहीतर तिथून गंज. बेल्टचा बोल्ट सोडून त्याखाली पट्टी घालायची, असं कुणी सुचवलं तर हात जोडा. तो बोल्ट फक्त बेल्टचा.

वायरिंग

बॅटरीची मायनस तार काढून सुरुवात करा. बाजारातल्या बहुतेक टेपमध्ये मागच्या डाव्या स्पीकरची जोडी हिरवी आणि हिरवी-काळी, मागच्या उजव्याची जांभळी आणि जांभळी-काळी असते. काळ्या रेघेची ती मायनस. गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या टेपचे रंग वेगळे असतात. तिथे मूळ वायर कापू नका, त्या गाडीचा कपलर, म्हणजे वायर न कापता जोडणारा सॉकेट, आणा. वॉरंटी चालू असेल तर कापलेली वायर दाखवून ती नाकारली जाऊ शकते.

वायर शुद्ध तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची पुरे. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी बोटाने उचकटली की खाली जागा असते, तिथून मागे न्या. सीटच्या रुळाखालून नाही, सीट सरकली की सोलली जाते. आणि नालीदार प्लॅस्टिकच्या नळीत घालून न्या. गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या कोठीजवळ उभी राहत असेल तर उंदीर या वायरवर पहिला हक्क सांगतात.

फळीजवळ दोन्ही बाजूंना खटक्याचा कनेक्टर ठेवा. फळी काढताना तो सुटेल, वायर ताणली जाणार नाही.

दोन चुका टेप जाळतात. स्पीकरची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं ही पहिली. खूप जुन्या टेपमध्ये ते चालायचं, आजच्यात नाही. एकाच जोडीवर दोन स्पीकर समांतर लावणं ही दुसरी. ४ आणि ४ ओहम समांतर जोडले की २ ओहम होतात आणि टेपमधली चिप तापून बसते.

प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं हवं. एक उलटा लागला तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो, आणि भिंत कितीही चांगली असली तरी खालचा आवाज गायब. खात्रीसाठी टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घ्या. टेपकडची टोकं जोडण्याआधी प्लस वायर सेलच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. दोन्ही कोन बाहेर, म्हणजे वरच्या दिशेने उडाले पाहिजेत. एखादा आत गेला तर त्याची जोडणी उलटवा.

डाळ टाकून तपासणी

गाडी बंद, टेप चालू. ढोलकी किंवा हलगी असलेलं गाणं मध्यम आवाजात लावा आणि फळीवर मूठभर तूरडाळ पसरा. जिथे डाळ नाचते तिथे फळी हलते आहे. मला मधल्या भागात नाचताना दिसली, तिथे खाली आणखी एक आडवी पट्टी मारली, नाचणं थांबलं. कडेला नाचत असेल तर फोम कमी पडलाय किंवा नट सैल आहे.

त्यानंतरही खडखड येत असेल तर फळीला दोष देण्याआधी डिक्कीतला जॅक, पाना, नंबर प्लेट आणि दाराचं कुलूप हाताने दाबून बघा. माझ्याकडे शेवटी गुन्हेगार निघाला नंबर प्लेटचा सैल स्क्रू. दोन दिवस मी फळी उघडून बसलो होतो.

फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं टेपचं बटण, आधी मध्यावर ठेवा आणि मग थोडा पुढे. पुढच्या सीटवर बसून आवाज मागून येतोय असं कळायला नको, पण मागचे बंद केले की काहीतरी गेलं असं वाटायला हवं. बास फार वाढवू नका. टेपची ताकद १५-२० वॅटची, बास चढवला की ती आधी तिथेच संपते आणि आवाज फाटतो. फाटका आवाज तसाच चालू ठेवला तर स्पीकरही जळू शकतो.

लग्नाच्या वरातीत डिक्की उघडी ठेवून वाजवायचा मोह होतो. डिक्की उघडली की मागची खोलीच गेली, वायरवर ओढ येते, धूळ कोनात जाते. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ बाहेर मोठ्याने वाजवायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, ठाणेदार ओळखीचे असले तरी.

फळीवर जाळीशिवाय काही ठेवायचं नाही. पाण्याची बाटली नाही, नारळ नाही, देवीच्या ओटीचं ताट नाही. आमच्या घरी हे पटवायला फळी बनवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. उन्हात गाडी लावायची असेल तर मागची काच सावलीकडे करा. ऊन लागून कोनाचा कागद आणि रबर दोन्ही कडक होतात. जुन्या फ्लेक्सचा तुकडा फळीच्या मापाचा कापून वरून टाकला तर धूळही अडते. चौकातल्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स या कामाला उत्तम, फक्त फोटो खालच्या बाजूला करा, नाहीतर आरशात भाऊ दिसतात.

महिनाभराने एकदा सगळे नट पान्याने तपासून घ्या. नवीन लाकूड आणि कापड दबून पहिल्या महिन्यात ते हमखास अर्धा फेरा सैल पडतात.